रेआल दे कातोर्से: चांदीच्या गावाला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या या गावाबद्दल टेक्सासमधून, पुण्याहून, नाशिकहून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला, तर दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे गाव नेमकं कुठे आहे आणि तिथे बघण्यासारखं काय आहे?

रेआल दे कातोर्से हे सान लुईस पोतोसी राज्याच्या उत्तर भागात, सिएर्रा दे कातोर्से या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७५० मीटर उंचीवर आहे. खाली काटेरी निवडुंगांचं अर्धवाळवंट पसरलंय आणि वर एका घळीत दगडी घरं, फरसबंदी गल्ल्या, एक मोठं चर्च, जुनी टांकसाळ, कोंबड्यांच्या झुंजींसाठी बांधलेलं गोल दगडी रिंगण आणि गावाबाहेर बैलझुंजीचं मैदान व दफनभूमी. मुख्य रस्त्याचं नाव लान्सागोर्ता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला फार वेळ लागत नाही.

पण एवढंच बघायला जाणार असाल, तर अर्धं गाव बघायचं राहील. दोन वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं आजही इथे यात्रेला येतात (प्रश्न १२ आणि १३), आणि माझ्या मते या गावाचा जीव तिथे आहे. पडक्या भिंती त्यानंतर येतात.

२. हे ओसाड पडलेलं गाव आहे असं वाचलं. तिथे कोणी राहतं का?

राहतात. हजाराच्या आसपास वस्ती आहे. शाळा आहे, दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, रविवारी चर्चमध्ये गर्दी असते. खाणी बंद पडल्यावर विसाव्या शतकात गाव जवळजवळ रिकामं झालं होतं, ही गोष्ट खरी. १९७० च्या दशकापासून बाहेरचे लोक, त्यात काही युरोपीयही, येऊन राहिले, पडकी घरं दुरुस्त झाली. २००१ मध्ये मेक्सिको सरकारने ‘पुएब्लो माहिको’ म्हणजे खास पर्यटनगावांच्या यादीत त्याचं नाव घातलं.

‘पुएब्लो फांतास्मा’, म्हणजे भुताचं गाव, या नावाने जी सहल विकली जाते ती गावाच्या वर डोंगरात असलेल्या जुन्या खाणवस्तीच्या अवशेषांची. चढ चालत तासाभराचा आहे, घोडाही मिळतो.

३. इथे चांदी कधी सापडली? आणि एवढ्या श्रीमंत खाणी बंद का पडल्या?

मोठा शोध १७७० च्या दशकात लागला. १७७९ च्या सुमारास वस्तीला खाणगाव म्हणून अधिकृत रूप आलं. स्पॅनिश अमलात ‘रेआल’ म्हणजे राजाच्या अखत्यारीतलं खाणगाव. ‘कातोर्से’ म्हणजे चौदा. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते चौदा जण सैनिक होते की दरोडेखोर, यावर गावात दोन कथा आहेत आणि दोन्ही तितक्याच ठामपणे सांगितल्या जातात.

सुरुवातीचं खनिज जमिनीच्या वरच्या थरातलं, हवापाण्याने बदललेलं आणि अतिशय समृद्ध होतं. फ्लोरेस नावाच्या एका गरीब पाद्र्याने छोटीशी खाण विकत घेतली, तर आत भुसभुशीत चांदीच्या मातीने भरलेली पोकळी निघाली. त्या खाणीला ‘देवबाप्पाची थैली’ असं नाव पडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी कातोर्से हे अमेरिका खंडातल्या सर्वांत मोठ्या चांदी-उत्पादकांपैकी एक होतं.

पुढे खाणी खोल गेल्या, पाणी लागलं, खर्च वाढला. १८६० च्या दशकात इथे थोडा काळ स्वतःची टांकसाळही चालली. तिची इमारत आता प्रदर्शनांसाठी वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा जोर आला. १८९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास स्वतः जवळच्या सांता आना खाणीत नवी यंत्रं सुरू करायला आले, आणि १९०१ मध्ये गावात येणारा बोगदा (प्रश्न ६) खुला झाला.

तोवर मात्र चांदीचा भावच कोसळला होता, आणि या घसरणीत भारताचा थेट हात आहे. एकामागून एक देश सोन्याच्या चलनाकडे वळत होते. १८९३ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने भारतातल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. जगातलं चांदीचं एवढं मोठं गिऱ्हाईक एका दिवसात बाजूला झालं. १८७० च्या सुरुवातीला चांदीचा जो भाव होता, तो १९०२ पर्यंत निम्म्याहून खाली आला. त्यावर १९१० ची मेक्सिकन क्रांती आली. भांडवल गेलं, माणसं गेली. नुसतं ‘क्रांतीमुळे गाव ओस पडलं’ असं गाईड सांगतात, ते अपुरं आहे.

४. त्या काळात दगडातून चांदी काढायचे कशी?

बहुतेक पाऱ्याने. ही ‘पातिओ’ पद्धत बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात पाचुका इथे रूढ केली आणि मेक्सिकोत ती जवळपास साडेतीनशे वर्षं चालली. खनिज दळून त्याचा चिखल करायचा, तो फरसबंद अंगणात पसरायचा, त्यात मीठ, तांब्याचं संयुग आणि पारा मिसळायचा आणि खेचरांकडून कित्येक आठवडे तुडवून घ्यायचा. चांदी पाऱ्याला धरते. मग चिखल धुऊन टाकायचा आणि उरलेला गोळा तापवायचा. पारा उडून जातो, चांदी राहते.

वाफ श्वासात घेणारे मजूर आणि चिखलात उभी राहणारी जनावरं, दोघांनाही विषबाधा व्हायची. मोकळ्या अंगणांचे आणि उंच धुराड्यांचे अवशेष पाहताना हे लक्षात असू द्या. तिथली माती उकरू नका, मुलांना त्यात खेळू देऊ नका.

५. जायचं कसं?

बहुतेकांचा रस्ता मातेवाला या शहरातून जातो. सान लुईस पोतोसी आणि मॉन्तेरेय या दोन्ही शहरांना विमानतळ आहे आणि दोन्हीकडून महामार्ग ५७ ने मातेवालापर्यंत बस मिळते. मातेवालाहून रेआल दे कातोर्से साधारण ६० किलोमीटर. सेद्राल गाव ओलांडलं की डावीउजवीकडे निवडुंग आणि खाली गोट्यांचा फरसबंद रस्ता सुरू होतो. गाडी तिथे हळूच चालवावी लागते, त्यामुळे अंतराच्या मानाने वेळ बराच लागतो.

मोठी बस बोगद्यातून जात नाही. ती अलीकडे थांबते आणि प्रवासी छोट्या गाडीत बसतात. सामान कमी ठेवा.

दुसरी वाट पश्चिमेकडून, एस्तासिओन कातोर्से या रेल्वेच्या गावातून. १८८८ मध्ये पूर्ण झालेला मेक्सिको सिटी ते टेक्सासच्या सीमेवरचं लारेदो हा लोहमार्ग तिथून जातो, पण प्रवासी गाड्या केव्हाच बंद झाल्या. तिथून वर जुन्या विलीस जीप चढतात. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, आणि रस्ता जीपपुरताच. लोक हौसेने टपावर बसतात. तुम्ही आत बसा.

६. बोगद्यातून स्वतःची गाडी नेता येते का?

येते, पण एका वेळी एकाच दिशेने. ओगार्रिओ बोगदा सुमारे २.३ किलोमीटर लांब आहे, डोंगर पोखरून काढलेला, एकपदरी. दोन्ही तोंडांवर माणसं उभी असतात आणि एकमेकांना कळवून आळीपाळीने गाड्या सोडतात. टोल द्यावा लागतो, सुटे पैसे हाताशी ठेवा. ज्यांनी तो खणला त्या खाणमालक कुटुंबाचं मूळ गाव स्पेनमधलं ओगार्रिओ, म्हणून हे नाव.

शनिवार-रविवार आणि यात्रेच्या दिवसांत गाड्या बाहेरच्या वाहनतळावर थांबवतात. तेव्हा सरळ छोट्या गाडीने किंवा चालत आत जा. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढाच्या आहेत की आत गाडीचा उपयोग काहीच नाही.

७. कोणत्या महिन्यात जावं? किती दिवस ठेवावेत?

दोन रात्री तरी. एका दिवसात जाऊन येणारे दुपारी येतात, गर्दीत फोटो काढतात आणि निघतात. सकाळचं गाव त्यांना दिसतच नाही. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचे. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणजे दुपारच्या सरी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली उतरतो, क्वचित बर्फही पडतं.

४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसचा सण. त्याच्या आगेमागे हजारो भाविक येतात आणि खोली मिळणं अवघड होतं. यात्राच बघायची असेल तर तेव्हाच जा, खोली फार आधी ठरवा. ईस्टरच्या आठवड्यातही तीच गत.

८. उंचीचा त्रास होतो का? आई-बाबांना नेलं तर झेपेल का?

पहिल्या दिवशी दम लागतो, कधी डोकं दुखतं. बोगद्यातून बाहेर आल्या आल्या चढ चढू नका. पाणी पीत राहा, मद्य टाळा, झोप घ्या. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण मोठं रुग्णालय गावात नाही.

ज्येष्ठांसाठी खरी अडचण गुडघ्यांची आहे. सपाट रस्ता जवळजवळ नाही, गोटे गुळगुळीत आहेत आणि चाकाची खुर्ची त्यावरून चालत नाही. चर्चच्या जवळची खोली घ्या. चर्च, चौक, टांकसाळ आणि लान्सागोर्ता हा टापू हळूहळू चालत नक्की होतो. केमादो डोंगर (प्रश्न १३) त्यांच्यासाठी नाही, घोड्यावरूनही नाही.

९. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो का?

लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा मुदतीत असलेला व्हिसा तुमच्याकडे असेल, किंवा त्यांपैकी एखाद्या देशाचं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी वेगळ्या व्हिसाची गरज नाही. मुक्काम जास्तीत जास्त १८० दिवस, पण नेमके दिवस सीमेवरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाचं संकेतस्थळ पाहा.

१०. मी अमेरिकेत एच-वन-बीवर आहे. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली, पण आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) चालू आहे. मला जाता येईल का?

हा प्रश्न टेक्सासमधून सारखा येतो. यात दोन देशांचे दोन वेगळे नियम एकत्र होतात. थोड्या दिवसांसाठी मेक्सिकोत जाऊन जुन्या व्हिसावर परत येण्याची सवलत अमेरिकेकडून काही अटींवर मिळते. पण प्रश्न ९ मधली मेक्सिकोची सूट मुदतीत असलेल्या व्हिसालाच आहे, आणि आय-७९७ म्हणजे व्हिसा नव्हे. अशा वेळी मेक्सिकोचा व्हिसा आधी काढा, आणि परत येण्याबद्दल इमिग्रेशन वकिलाशी बोलून मगच निघा. ग्रीन कार्ड असेल तर हा पेच येत नाही.

स्वतःची गाडी घेऊन लारेदोहून उतरणार असाल, तर मेक्सिकोत चालणारा वाहनविमा आणि गाडीचा तात्पुरता आयात परवाना, दोन्ही लागतात. अमेरिकेत भाड्याने घेतलेली गाडी बहुतेक कंपन्या सीमेपार नेऊ देत नाहीत.

११. आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. राजमासारख्या उसळीत, म्हणजे फ्रिहोलेसमध्ये, डुकराची चरबी असू शकते. ती ‘मान्तेका’. भातात चिकनचं पाणी असू शकतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’ हे तीन शब्दगट पाठ करा: मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण ‘कार्ने’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाय-डुक्कर येतात.

नोपाल म्हणजे निवडुंगाची पानं, ती कापून भाजी करतात. नोपाल घातलेल्या गोर्दितास (मक्याच्या जाडसर भरल्या भाकऱ्या), चीजच्या केसादिया (चीज घालून दुमडलेल्या पोळ्या), मिरचीचे काप आणि चीज हे सगळीकडे मिळतं. वसंतात ‘काबुचेस’ मागून पाहा. बिस्नागा जातीच्या निवडुंगाच्या या कळ्या याच पठारावरची खासियत आहेत. गोडात ‘केसो दे तुना’: नावात चीज असलं तरी ती निवडुंगाच्या फळांचा रस आटवून केलेली वडी आहे. आणि इथे स्थायिक झालेल्या इटालियन लोकांमुळे पास्ता, पिझ्झाही चांगला मिळतो.

रोख पेसो मातेवालातच काढून घ्या, गावातल्या एटीएमवर विसंबू नका. फोनला रेंज तुटक असते आणि इंग्रजी थोड्यांनाच येतं. नकाशा आणि भाषांतराचं अ‍ॅप आधीच उतरवून ठेवा.

१२. चर्चमध्ये एवढी गर्दी कशासाठी असते?

चर्च ‘पुरिसिमा कोन्सेप्सिओन’ म्हणजे मरियमचं, पण लोक येतात ते संत फ्रान्सिसच्या मूर्तीसाठी. तिला सगळे लाडाने ‘पांचितो’ म्हणतात. नवस बोलतात, तो पुरा झाला की फेडायला येतात. चर्चमधलं ‘रेताब्लो’चं दालन चुकवू नका. पत्र्याच्या लहान तुकड्यांवर काढलेली ही नवसाची चित्रं आहेत. उलटलेली गाडी, रुग्णालयातली खाट, सीमा ओलांडून गेलेला मुलगा, आणि खाली चार ओळींत आभार. मला या गावात सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते याच भिंतीपुढे.

प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका. गुडघ्यांवर सरकत येणाऱ्या भाविकांवर कॅमेरा तर धरूच नका.

१३. विरारिका लोक कोण? केमादो डोंगरावर आपण जाऊ शकतो का?

विरारिका (स्पॅनिशमध्ये ‘विचोल’) हे पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरांतले आदिवासी. हालिस्को, नायारित, दुरांगो इथल्या आपल्या वस्त्यांमधून ते विरिकुताच्या यात्रेला येतात. ‘विरिकुता’ म्हणजे रेआल दे कातोर्सेच्या पायथ्याचं वाळवंट आणि वरचे डोंगर. केमादो डोंगरावर सूर्य प्रथम उगवला, अशी त्यांची श्रद्धा आहे. पाच राज्यांतून जाणारा, पाचशेहून अधिक किलोमीटरचा हा यात्रामार्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ही वाट खाणींच्या कितीतरी आधीची आहे.

जाता येतं, चालत किंवा घोड्यावरून. वर दगडांची वर्तुळं, एक छोटं देऊळवजा घर आणि अर्पण केलेल्या वस्तू असतात: बाण, मणी लावलेल्या वाट्या, मेणबत्त्या, रंगीत दोऱ्याचे चौकोन. त्यातलं काहीही उचलू नका, सरळ करू नका, आपलं काही ठेवूही नका. वर्तुळात पाय टाकू नका. यात्रेकरू आलेले असतील तर खाली थांबा. त्यांनी बोलावलं तरच जवळ जा, आणि फोटोसाठी होकार मिळेपर्यंत फोन खिशात राहू द्या.

लान्सागोर्तावर विरारिका कलाकार मण्यांच्या वस्तू विकतात. एकेक मणी मेणावर बसवायला किती वेळ लागतो हे तिथेच समोर दिसतं. भाव पाडून मागू नका.

१४. पेयोते घेऊन बघता येतं का? गावात कोणी देऊ केलं तर?

नाही. पेयोते, विरारिकांचा हिकुरी, हा बिनकाट्याचा छोटा निवडुंग आहे. त्यातल्या मेस्कलिन या नशा आणणाऱ्या द्रव्यावर मेक्सिकोत बंदी आहे. आदिवासी समाजांच्या पारंपरिक विधींना कायद्याने सूट आहे आणि ती पर्यटकाला लागू होत नाही. विरारिका माणूस सोबत आहे किंवा ‘विधी’ म्हणून पैसे घेतले आहेत, म्हणून तुमच्यासाठी ते कायदेशीर ठरत नाही. भारतातही मेस्कलिन अमली पदार्थ कायद्याखाली येतं, तेव्हा ‘आठवण म्हणून’ वाळलेला तुकडा आणणं हा इथेही गुन्हा.

कायद्यापेक्षा मोठं कारण सांगतो. ही वनस्पती अतिशय हळू वाढते, मोठी व्हायला दहा वर्षं आणि त्याहून जास्त घेते. गेल्या काही दशकांत बाहेरच्यांनी ती इतकी उपटली की ज्यांच्यासाठी ती देव आहे, त्यांनाच शोधत फिरावं लागतं. वाळवंटात ‘पेयोते दाखवायला’ नेणारी सहलही घेऊ नका.

१५. जुन्या खाणीत उतरता येईल का?

अधिकृत वाटाड्यासोबत, जिथे लोकांना नेतात तिथेच. डोंगरभर उघडी उभी भुयारं आहेत. अनेकांना कठडा नाही, झुडपांत तोंड दिसत नाही, आत हवा खराब असू शकते. अवशेषांकडे जाताना पायवाट सोडू नका आणि मुलांचा हात धरून ठेवा. अंधार पडायच्या आत परत फिरा.

१६. इथली चांदी विकत घ्यायची आहे. खरी कशी ओळखायची?

इथल्या डोंगरातली चांदी आज दुकानात मिळत नाही. दागिने बहुतेक बाहेरून येतात, बरेचसे तास्कोहून. ‘९२५’ हा शिक्का बघा. तो नसेल आणि विक्रेता ‘आल्पाका’ म्हणाला, तर ती जर्मन सिल्व्हर आहे, चांदी नव्हे. ‘या खाणीतली शेवटची चांदी’ असं कोणी सांगितलं तर पुढच्या दुकानात जा. मण्यांच्या कामासाठी प्रश्न १३ पाहा.

१७. रस्ता सुरक्षित आहे का?

गाव शांत आहे. काळजी घ्यायची ती वाटेवर. उत्तर मेक्सिकोतला लांबचा प्रवास दिवसाउजेडी करा, शक्य तिथे टोलचा रस्ता घ्या, टाकी अर्धी होण्याआधी भरा आणि मातेवालात अंधार पडला तर तिथेच मुक्काम करा. निघायच्या आठवड्यात राज्याबद्दलच्या ताज्या प्रवाससूचना वाचा.

१८. तिथे पुन्हा खाणी सुरू होणार आहेत, असं ऐकलं. मग गावाचं काय?

२००९-१० च्या सुमारास कॅनडातल्या एका कंपनीकडे या डोंगरातले बावीस खाणपरवाने आले आणि विरारिका समाज रस्त्यावर उतरला. २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आदिवासींच्या पवित्र स्थळांना संरक्षण मिळालं, त्यात विरिकुताही आहे.

गावात मात्र यावर एकमत नाही, आणि ते समजून घ्यायला हवं. ज्यांचे आजोबा खाणकामगार होते आणि ज्यांची मुलं कामासाठी मॉन्तेरेयला जातात, त्यांना पगाराची नोकरी हवी आहे. विरारिकांचं म्हणणं आहे की डोंगर पोखरला तर झरे आटतील, आणि या कोरड्या प्रदेशात झरा हेच देवस्थान आहे. मी विरारिकांच्या बाजूचा आहे. पण जीपचालकापुढे किंवा हॉटेलच्या मालकिणीपुढे हा विषय निघालाच, तर आपलं मत देण्याआधी त्यांचं ऐकून घ्या. खोली, जेवण, वाटाड्या आणि घोडा गावातल्याच माणसाकडून घ्या. पर्यटनाचा पैसा घरात येत राहिला, तरच त्यांना खाणीला नाही म्हणणं परवडेल.